बोकडाच्या गळ्यातले अकरा फोन

अल्मालू गल्ली,
मंगळवार

प्रिय बुरुल,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. शेजारच्या जपारचा पुतण्या रोज मिनीबस घेऊन तुमच्या ऑफिसवरून जातो, त्याच्या हाती हे पाठवतोय. सोबत वाळवलेल्या दह्याच्या कुरुताची पिशवी आहे. ते मी केलेलं नाही, कालीपाने केलंय, तेव्हा बिनधास्त खा. दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही आणि आज एकदम बापाचं पत्र, तेही कागदावर, म्हणजे म्हाताऱ्याला झालंय तरी काय, असं तुला वाटेल. फोन करता आला असता. पण फोनवर मला दोनच गोष्टी जमतात, ओरडणं आणि गप्प बसणं. आजच्या कामाला दोन्हींचा उपयोग नाही.

शनिवारी तू शहरातल्या त्या मोठ्या सभागृहात उभी राहून आमच्या गल्लीचे आकडे वाचणार आहेस, असं कळलं. ते वाचू नकोस. ते खोटे आहेत. ही एक ओळ लिहायला मला चार कप चहा लागला. आता उरलेलं सांगतो, जरा दमाने वाच.

सप्टेंबरात तुमच्या ऑफिसातली ती चष्मेवाली नाझिक आली तेव्हा मी ट्रकमागे कोळशाच्या गोण्या भरत होतो. तू आपली गल्ली निवडलीस, पण स्वतः आली नाहीस, तिला पाठवलंस. असो. तिने सगळ्यांना बालवाडीतल्या शायीरबाईंच्या अंगणात जमवलं आणि एकेकाच्या फोनमध्ये ते तुमचं ‘जाशिल कदम’ घालून दिलं. हिरवं पाऊल! हजार पावलं चाललात की एक पान, बाजारात घरची पिशवी नेलीत की एक पान, दिवसभर कोळशाची चूल पेटवली नाहीत तर तीन पानं. पानं साठली की फोनमधलं जर्दाळूचं झाड वाढणार, आणि ज्या गल्लीची झाडं सगळ्यांत दाट, तिथल्या बालवाडीची कोळशाची भट्टी काढून विजेची गरम हवा बसवून मिळणार. आता त्या भट्टीत कोळसा कोण टाकतो? तुझा बाप. म्हणजे मी चालायचं ते माझ्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला. तुझ्या आईची मैत्रीण ती, कालीपाला राहवतंय थोडंच! भर अंगणात म्हणाली, “तुर्दाकुन, तू नको रे बाबा यात पडूस. कोळशाच्या ट्रकवर कसलं पान उगवणार?” सगळे खो खो हसले. मला राग आला आणि त्या रागातच मी माझा फोन नाझिकच्या पुढे केला. माझी निम्मीअधिक कामं अशी रागानेच झालेली आहेत, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

मेंढ्यांची पाळी कशी चालते ते तू विसरली नसशील. तेवीस घरं, रोज एका घराने सगळ्या गल्लीच्या मेंढ्या कालव्यापलीकडच्या कापलेल्या शेतांवर न्यायच्या. आपली पाळी आली की तू शाळा बुडवायला टपलेली असायचीस आणि आई तुझ्या दप्तरात गपचूप ब्रेड आणि उकडलेली अंडी ठेवून मलाच सांगायची, पोरगी शाळेतच गेली आहे म्हणून. तर सप्टेंबरच्या शेवटी आपली पाळी आली आणि माझा उजवा गुडघा सुजून भोपळा झालेला. जपार म्हणाला, “तू बस घरी चुलीपाशी, मी नेतो.” तो निघताना मी माझा फोन त्याच्या कोटाच्या खिशात सरकवला. का सरकवला ते पुढे सांगतो. जपार घोड्यावर, आणि त्याचा घोडा म्हणजे सतत दुडक्या चालीचा. संध्याकाळी फोन परत आला तेव्हा मी एकतीस हजार पावलं चाललो होतो. घरात बसून, पायाला कोबीचं पान बांधून!

कालीपापासून या गल्लीत काही लपलंय का कधी? ती दूध द्यायला आली, फोनमधलं झाड पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत चमक आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या निघायच्या वेळी स्वतःचा फोन घेऊन हजर. म्हणाली, “सगळ्यांच्या मेंढ्या एक माणूस नेतो, मग सगळ्यांची पावलं का नाही नेऊ? पाळी म्हणजे पाळी!” आणि खरं सांगतो बुरुल, त्या वेळी आमच्यापैकी एकालाही यात लबाडी दिसली नाही. मेंढी माझी, चारणारा तू, तरी लोकर माझीच ना? मग फोन माझा, चालणारा तू, तर पानं कोणाची? बापजाद्यांपासून आम्ही असेच जगत आलो, एकाने राबायचं ते सगळ्यांच्या वाटचं राबायचं. तुमच्या त्या झाडाने माणसागणिक वेगळे पाय मागितले होते, हे आमच्या डोक्यातच शिरलं नाही. निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही. नंतर शिरलं, पण तोवर झाडं छान बहरली होती.

दोघांचे पाच झाले, पाचांचे अकरा. अकरा फोनांनी पाळीवाल्याचे खिसे फाटायला लागले. शिवाय घोड्यावरून नेले की पावलं भलतीच होतात. सत्तरीची कालीपा एका दिवसात शहराला दोन वळसे घालून आली, असं काहीतरी दिसायला लागलं. तेव्हा जपारच्या बायकोने लोकरीच्या जाड नमद्याची एक पिशवी शिवली आणि कळपाच्या पुढे चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात बांधली. बोकड शहाणा प्राणी. जपारसारखा दर अर्ध्या तासाला बसून तंबाखू काढत नाही. रोज नेमाने पंधरा-सोळा हजार पावलं. एकदा मात्र पलीकडच्या वस्तीच्या बोकडाशी त्याची जुंपली आणि शायीरच्या फोनची काच तडकली. मला वाटलं, आता ही बाई रडणार. ती म्हणाली, “जाऊ दे, पोरांच्या गरम हवेसाठी तडकली.” तिच्या खोलीत चाळीस पोरं आहेत, आणि भट्टीचं धुराडं तुंबलं की ती पोरांना कोट घालून अंगणात आणून बसवते. मी कोळसा उतरवायला जातो तेव्हा पाहतो ना.

नोव्हेंबरात नाझिक पुन्हा आली, या वेळी कॅमेरा घेऊन. तिच्या फोनवर आमच्या गल्लीचा नकाशा होता. अकरा हिरवे ठिपके सकाळी साडेआठला एकदम निघतात, एका वाटेने कालवा ओलांडतात, दुपारी ओढ्यावर थांबतात आणि दिवस मावळायच्या आत एकत्र परत येतात. ती अगदी भारावून गेली होती. आदराने म्हणाली, “अके, अशी एकजूट मी कुठल्याच गल्लीत पाहिली नाही. सगळे शेजारी रोज मिळून चालता! मला तुमचं चालणं टिपायचंय.” जपारने माझ्याकडे पाहिलं, मी कालीपाकडे. कालीपा आधीच डोक्यावरचा रुमाल नीट करत होती. मग काय विचारतेस! अकरा म्हातारे-कोतारे, कोण रबरी गालोशांत, कोण सुनेचे बूट घालून, कालव्याच्या दिशेने निघालो. मी काठी टेकत सगळ्यांत मागे. जपार पाऊण आयुष्य घोड्यावर बसलेला माणूस, दोनशे पावलांत म्हणतो, “हे लोक पायांनी चालतात तरी कसे?” पुलापाशी कालीपा श्वास घ्यायला थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “आम्ही इथे रोज थांबून निसर्ग बघतो.” समोर नुसतं कोबीचं शेत होतं, तेही काढून झालेलं. मला हसू आवरेना. किती तरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो. त्यानंतर गंमत म्हणजे कालीपा, शायीर आणि जपारची बायको अधूनमधून खरोखरच कालव्यापर्यंत जाऊन येतात. निसर्गासाठी नव्हे, चहाड्यांसाठी. सुना घरात असल्या की मोकळेपणी बोलता येत नाही म्हणे.

मग आपल्या घरी चहा झाला. नाझिक दमली होती, गरम तळलेले बोरसोक खाता खाता बोलत सुटली. म्हणाली, तुमच्या ऑफिसात सगळ्यांनाच हे झाड पटलेलं नाही, वरचे काही जण त्याला पोरखेळ म्हणतात. शनिवारच्या सभेत आमच्या गल्लीचा दाखला देऊन तू त्यांची तोंडं बंद करणार आहेस. एकाने शंका काढली होती, की इतकी पावलं म्हणजे काहीतरी गडबड आहे, जाऊन तपासा. तेव्हा तू म्हणालीस, “मी त्या गल्लीत वाढले. ती माणसं भांडखोर असतील, खोटारडी नाहीत. त्यांच्या पावलांची हमी मी घेते.” आणि कागदावर सही केलीस. नाझिकला ठाऊक नव्हतं की ती कोणाच्या घरी बसून हे सांगतेय. तू सांगितलेलं दिसत नाही. मी तिला आणखी मुरंबा वाढला आणि बाहेर ट्रकपाशी जाऊन उभा राहिलो. मेंढ्यांची पाळी तुला माहीत आहे, बोकड तुला माहीत आहे, साडेआठची वेळ माहीत आहे, आणि तरी तुला दिसलं नाही. दुसऱ्या कुठल्याही गल्लीचा असा नकाशा असता तर तू चहा संपायच्या आत पकडला असतास. आमच्यावर विश्वास ठेवलास म्हणून फसलीस.

परवा मी सगळ्यांना जपारच्या घरी बोलावलं आणि सांगितलं, बुरुलला कळवायचं. जणू मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला. जपार म्हणाला, “अरे, सभा होऊन जाऊ दे. बोकड काय साक्ष द्यायला जाणार आहे?” मग शायीर उठली. कधी आवाज न चढवणारी बाई, ती म्हणाली, “तुमच्या मुलीची मान ताठ राहावी म्हणून माझ्या चाळीस पोरांनी धूर खायचा का? आणि हे कोण सांगतंय? तुम्ही? आयुष्यभर कोळसा विकलात आणि आता आम्हाला खरेपणा शिकवता?” मी इतकंच म्हणालो, “शायीरबाई, तुम्ही म्हणता ते सगळं खरं. पण तिने आपली हमी घेतलीय.” शेवटी कालीपाने तुझ्या आईचं नाव काढलं, “ती साकिनची पोर आहे. लिही.” शायीर निरोप न घेता निघून गेली. काल सकाळी मेंढ्या निघाल्या तेव्हा बोकडाच्या गळ्यात पिशवी नव्हती. आज सकाळी शायीर आपल्या दाराशी आली, आत आली नाही, फक्त म्हणाली, “लिहिताना हेही लिहा, की धुराडं खरंच तुंबतं. ते काही बोकडाने केलेलं नाही.” म्हणून लिहिलं.

आता मी पहिल्या दिवशी फोन का पाठवला ते. नाझिकने तो हिरवा खेळ घालून दिला त्या संध्याकाळी मी गोण्या टाकून घरी आलो, चहाला पाणी ठेवलं, आणि टेबलावरचा फोन तुझ्या आवाजात बोलला. “आज सहा हजार पावलं झाली. छान. आता पाय पसरून बसा आणि चहा घ्या.” माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मी आधी दाराकडे पाहिलं, मग फोनकडे. थोड्या वेळाने समजलं, की तू हे कधीतरी एका खोलीत बसून बोलून ठेवलं आहेस, आणि सहा हजार पावलं चालणाऱ्या प्रत्येकाला, अगदी कालीपालासुद्धा, तू हेच सांगतेस. समजलं तरी मी पाय पसरून बसलो आणि चहा घेतला. पुढे चार दिवस गुडघ्याने मला उठू दिलं नाही आणि चार दिवस फोन मुका राहिला. पाचव्या दिवशी जपार मेंढ्या घेऊन निघाला. मला ना झाडाची पडली होती, ना बालवाडीची. संध्याकाळी तुझा आवाज घरात यावा, एवढंच हवं होतं. तेव्हा लबाडीची सुरुवात माझी आहे. गल्लीने फक्त माझ्यामागून मेंढ्यांसारखी वाट धरली. गल्लीला दोष देऊ नकोस आणि स्वतःलाही देऊ नकोस. शनिवारी आकड्यांऐवजी हे पत्रच वाचून दाखव. शायीरच्या धुराड्याचा भाग नीट, मोठ्याने वाच. लोक हसले तर हसू दे, हसणारा माणूस निदान ऐकतो तरी. पण इथेच थांब. याच्या पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू म्हणालीस, “अंगणात कोळसा, घरात कोळसा, आईच्या छातीत कोळसा.” आणि मी साठ माणसांसमोर ओरडलो, “याच कोळशावर शिकलीस. लाज वाटत असेल तर पुन्हा या घरी येऊ नकोस.” तू कोट उचललास आणि गेलीस. डॉक्टरने कागदावर हृदयाचं कारण लिहिलं होतं. दोन वर्षं भेटेल त्याला मी तो कागद वाचून दाखवत आलो. पण साकिनचा खोकला डॉक्टरने नाही, मी ऐकला होता, कितीतरी हिवाळे, भिंतीकडे तोंड करून. तू खरं बोललीस आणि मला ते सोसलं नाही. कोळशाचा धंदा उद्यापासून सोडतो असं मी लिहीत नाही, आता खोटं पुरे झालं. हा हिवाळा काढायचा आहे, पुढचं पुढे बघू. पण तुला मी चारचौघांत हाकललं, तर माफी चार भिंतींच्या आत, पत्रातून मागणं बरोबर नाही. म्हणून शनिवारी मी येतोय. जपारच्या पुतण्याच्या मिनीबसने, धुतलेला कोट घालून. मागच्या रांगेत बसेन. तुला माझ्याकडे बघवलं नाही तर बघू नकोस, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल. पत्र वाचून झालं की सभागृहाला एवढंच विचार, पहिला फोन कोणी पाठवला? मी उभा राहीन, आणि आधी तुझी माफी मागेन, मग त्यांची.

तुझाच,
बाप